पत्र्याच्या डब्यातले चित्रकार

सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगराकडे जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आयुष्यभर जमवलेला चित्रांचा आणि शिल्पांचा ठेवा त्यांनी १९३८ साली इथं लोकांसाठी मांडला. रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत. आणि एका डोंगराळ, दुष्काळी गावात भेटेल असं कुणाच्या मनातही येणार नाही असं एक शिल्प आहे: हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं ‘आई आणि मूल’.

सांगलीहून मी वर्षा-दोन वर्षांनी तिथं जातो. मूरच्या त्या दगडासमोर उभं राहिलं की दर वेळी एकच प्रश्न पडतो. हे त्यानं केलं कसं? आधी कुठली बाजू फोडली? मागं सरून किती वेळ बघत बसला असेल? दगड याचं उत्तर देत नाही. पण १९५१ साली जॉन रीड यांनी बीबीसीसाठी मूरवर एक फिल्म केली. त्यात तळहातावर मावेल एवढ्या नमुन्यापासून ब्राँझच्या मोठ्या मूर्तीपर्यंतचा सगळा प्रवास दिसतो. मूरचे हात दिसतात. तो कुठं थांबतो, काय पुसतो, काय पुन्हा करतो, हे दिसतं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर संग्रहालयात आपल्याला कर्म बघायला मिळतं, फिल्मवर क्रियापद.

विसाव्या शतकात जगभर चित्रकारांच्या आणि कलासंग्रहांच्या अशा हजारो फुटांच्या फिल्म काढल्या गेल्या. काही नीट केलेले माहितीपट आहेत, काही थिएटरात सिनेमाआधी दाखवायच्या वृत्तचित्रांचे तुकडे, तर काही कुणीतरी हौसेनं घरी काढलेली रिळं. या फिल्ममधून काय कळतं, ती बघताना कुठं फसायला होतं, आणि ती पत्र्याच्या डब्यात बसल्या बसल्या कशी मरते, हे सगळं सांगायचं आहे. यातलं शेवटचं मी घरातच शिकलो, आणि उशिरा शिकलो.

रविवर्मा १९०६ साली गेले. मुंबईत फिल्म पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात. म्हणजे चित्रकार आणि कॅमेरा दहा वर्षं एकाच मुलखात होते. पण त्या वेळी कॅमेरे रस्ते, आगगाड्या, मिरवणुका टिपण्यात गुंतले होते. आपल्याकडच्या पहिल्या फिल्मकारांपैकी एक, सावेदादा भाटवडेकर, यांनी १८९९ साली पहिल्यांदा काय टिपलं, तर कुस्ती. चित्रकार खोलीत बसून हळूहळू रंग लावतोय, यात बघण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानात यायला वेळ लागला. रविवर्म्यांच्या छापखान्यात कधीकाळी काम केलेला एक माणूस मात्र पुढं स्वतःच कॅमेऱ्यामागं गेला. ते दादासाहेब फाळके. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्म काढली आणि त्यात ते स्वतः दिसतात. तिचा तुकडाच आज शिल्लक आहे. तो बघताना अंगावर काटा येतो, कारण एरवी फाळके म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो एक स्थिर फोटो.

फ्रान्समध्ये त्याच्या दोन वर्षं आधी, १९१५ साली, साशा गित्री या नाटकवाल्या तरुणानं आपल्या देशातल्या थोर म्हाताऱ्यांना टिपून ठेवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. बागेत चित्र काढणारा मोने, शिल्पकार रोदाँ आणि चित्रकार रन्वार, सगळे त्या फिल्मवर आहेत. चित्रकार देगानं नकार दिला, म्हणून तो रस्त्यानं चालला असतानाच टिपला. फिल्म मुकी होती. गित्री थिएटरात उभा राहून स्वतः बोलायचा. देगा आणि रोदाँ दोघंही १९१७ साली गेले, रन्वार १९१९ साली.

रन्वारच्या तुकड्याबद्दल थोडं थांबून सांगतो. त्याला संधिवात होता, बोटं पार वाकडी झाली होती. ब्रश हाताला बांधून तो चित्रं काढायचा, असं आजही कितीतरी ठिकाणी लिहिलेलं सापडतं. फिल्ममध्ये काय दिसतं? शेजारी त्याचा धाकटा मुलगा क्लोद उभा आहे आणि तो वडिलांच्या वाकड्या मुठीत ब्रश देतो. रन्वार तो धरतो आणि कॅनव्हासवर झपाझप हात चालवतो. हाताला पट्ट्या आहेत, पण त्या कातडी सोलवटू नये म्हणून. शंभर लेखांनी जे गिरवून ठेवलं, ते काही सेकंदांच्या फिल्मनं सरळ केलं. जुन्या फिल्मचं मोल मला इथं दिसतं. ती साक्षीदार असते, आणि आठवणीसारखी काळागणिक बदलत नाही.

पुढं लोकांनी नाना युक्त्या काढल्या. जर्मनीत हान्स क्युर्लिस यांनी १९२० च्या दशकात चित्रकारांच्या खांद्यावरून कॅमेरा लावून नुसते हात टिपले. त्यात कांडिन्स्की आहे. १९५० साली हान्स नामुथ यांनी अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकला काचेवर रंग ओतायला लावला आणि कॅमेरा काचेखाली ठेवला. आपल्याकडं सत्यजित राय यांनी १९७२ साली आपले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर फिल्म केली. बिनोदबाबूंची दृष्टी तोवर पूर्ण गेली होती, आणि तरी ते काम करत होते. कागद चाचपणारी, घडी घालणारी ती बोटं पाहिल्याशिवाय त्यांची नंतरची चित्रं अर्धीच कळतात असं माझं मत आहे. चित्रकार हुसेन यांनी तर स्वतःच कॅमेरा हाती घेतला. फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात काढलेल्या त्यांच्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ हे पारितोषिक मिळालं.

कलावंत म्हणजे नुसते चित्रकार नव्हेत. नागठाण्याचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले, बालगंधर्व आपल्याला फोटोतून आणि तबकड्यांवरच्या आवाजातून माहीत. पण ते हालतात कसे, मान कशी वळवतात, हे बघायचं तर प्रभातचा १९३५ चा ‘धर्मात्मा’ बघावा लागतो. तिथं ते एकनाथांच्या भूमिकेत आहेत, पुरुषवेषात. ज्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा केला त्या रंगमंचावर झाल्या आणि विरून गेल्या.

संग्रहांच्या फिल्मचं काम जरा वेगळं असतं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यातल्या वस्तू परत आल्यावर दिल्लीत मांडल्या गेल्या आणि त्यातूनच १९४९ साली राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. अशा प्रदर्शनाचं किंवा एखाद्या वाड्यातल्या दिवाणखान्याचं जुनं रीळ सापडलं, तर त्यात नुसती भिंत दिसली तरी अभ्यासकाला पुरते. कुठलं चित्र कुठं टांगलं होतं, चौकट तीच आहे का बदलली, कोपऱ्यातला तडा तेव्हा होता का नंतर पडला, मूर्तीचा हात शाबूत होता का, हे त्यात दिसतं. चोरीला गेलेली वस्तू आपलीच आहे हे सिद्ध करायची वेळ आली, तर अशी दोन सेकंदंसुद्धा मोलाची.

आता फसायला कुठं होतं ते.

पहिली गोष्ट रंगाची. १९२० च्या आसपासपर्यंत सर्रास वापरली जाणारी काळी-पांढरी फिल्म लाल रंग पाहूच शकत नव्हती. निळा तिला लख्ख दिसायचा, लाल अजिबात नाही. त्यामुळं त्या काळच्या फिल्ममध्ये आभाळ पांढरंफटक येतं, आणि बाईच्या कपाळावरचं कुंकू काळं. लाल शालूतली रविवर्म्यांची नायिका अशा फिल्मवर टिपली तर ती काळ्या लुगड्यातली दिसेल. तेव्हा ‘मूळ चित्र किती गडद होतं बघा’ असं म्हणण्याआधी फिल्म कुठल्या सालातली ते विचारायचं. सगळे रंग पाहणारी फिल्म नंतर रुळली.

दुसरी वेगाची. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम, म्हणजे पट्टीवरची एकेक चित्रं. बोलपटापासून २४ ठरल्या. १६ नं काढलेलं २४ नं दाखवलं तर सगळं दीडपट वेगानं पळतं. मोने तुरुतुरु चालतो, ब्रश टोचल्यासारखा मारतो. तो तसा नव्हता. दाखवणाऱ्यानं वेग चुकवलेला असतो.

तिसरी तुकड्यांची. हौशी लोकांकडं असायचा तो १६ मिलिमीटरचा किल्लीचा कॅमेरा, घड्याळासारखी चावी द्यायचा. बोलेक्ससारख्या चांगल्या कॅमेऱ्यातही एका चावीत जेमतेम अर्धं मिनिट चालायचं. म्हणून या फिल्ममध्ये चित्र अर्धं होतं, मग अचानक पुरं झालेलं दिसतं. चित्रकारानं झटपट उरकलेलं नसतं. मधे चावी संपलेली असते, आणि फिल्म महाग म्हणून माणूस विचार करून पुढची चावी देत असतो.

माझे मामा सांगलीत ड्रॉइंग मास्तर होते. घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १९६८ च्या सुमारास त्यांच्या एका मित्रानं असा किल्लीचा कॅमेरा आणून मामांचं एक रीळ काढलं. घाटावर बसून मामा जलरंगात गणपतीचं देऊळ काढताहेत, मग घरी येऊन टेबलाशी बसून पुरं करताहेत. शंभर फुटांचं एकच रीळ. १६ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये फुटाला ४० फ्रेम असतात, म्हणजे ४००० फ्रेम, २४ च्या वेगानं पावणेतीन मिनिटं. लहानपणी दिवाळीत ते भिंतीवर लावलेलं मला पुसटसं आठवतं. मग डबा माळ्यावर गेला.

डबा माळ्यावर गेला की आत काय होतं? फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर. चित्र त्या थरात असतं. शतकाच्या पूर्वार्धात सिनेमाची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असायची. हे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं सख्खं भावंड. एकदा पेटलं की प्राणवायू स्वतःच पुरवतं, पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. १९५० च्या सुरुवातीला ते बंद झालं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांसकट कितीतरी ठेवा राख झाला. न जळता पडून राहिलं तरी नायट्रेट चिकट होतं, फोड येतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते.

घरगुती १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली आली तीच ‘सेफ्टी’ पट्टीवर, सेल्युलोज ॲसिटेटवर. ती अशी पेटत नाही, पण तिचा आजार वेगळा. ओल आणि उष्मा मिळाला की पट्टीतून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. हे ॲसिड डब्यात कोंडून राहतं आणि उरलेल्या पट्टीला आणखी सडवतं, त्यातून आणखी ॲसिड. विरजणासारखं आहे हे, एकदा लागलं की आपोआप पुढं जातं, आणि शेजारच्या डब्यालाही लागतं. पट्टी आक्रसते, वाकडीतिकडी होते, वरचा थर सुटतो. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या पट्टीला हा आजार दिसायला सुमारे ४० वर्षं लागतात असा अंदाज आहे. सांगलीत पत्र्याखालचा माळा एप्रिल-मे महिन्यात किती तापतो आणि श्रावणात किती दमट होतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

१९९० नंतर केव्हातरी आम्ही हौसेनं डबा खाली काढला. झाकण उघडलं तर घरभर आंबट वास. मामी म्हणाल्या, ‘लोणच्याची बरणी फुटली का रे?’ आम्ही हसलो. ती शेवटची घंटा होती हे कुणाला ठाऊक? प्रोजेक्टर असलेल्या एका ओळखीच्या माणसानं रीळ चढवलं. आक्रसलेल्या पट्टीची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळेनात. अर्ध्या मिनिटात कर्रकन आवाज झाला आणि फिल्म फाटली. फुटभराचा एक तुकडा वेगळा झाला. मामांनी तो उचलून आपल्या वहीत ठेवला, बाकीचं परत डब्यात.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. मामा तेव्हा हयात नव्हते. वही वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली, डबा खालच्या कपाटात होता. पाणी ओसरल्यावर सगळी सांगली जे करत होती तेच आम्ही केलं: गाद्या, कागद, अल्बम, आणि ते रीळ, सगळं गच्चीवर उन्हात वाळत घातलं.

हे सगळ्यात चुकीचं होतं. मनाला पटत नाही, पण भिजलेली फिल्म वाळू द्यायची नसते. जिलेटिन ओलं असताना फुगतं आणि मऊ होतं. रिळाचे वेढे एकमेकांना चिकटलेले असताना ते वाळलं तर सरसासारखं घट्ट धरतं, आणि मग वेढा सोडवताना चित्र सोलून निघतं. अशी फिल्म स्वच्छ, थंड पाण्यात बुडवूनच ठेवायची, आणि तशीच, ओली, दोन-तीन दिवसांत फिल्म धुणाऱ्या लॅबपर्यंत पोचवायची. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! संध्याकाळपर्यंत मामांच्या रिळाचा गुळाच्या ढेपेसारखा गोळा झाला होता. आजही आहे. टाकवत नाही.

म्हणून, तुमच्या घरी असा डबा असेल तर काय करायचं ते सांगतो. कऱ्हाडला, वाईला, मिरजेला, फलटणला कितीतरी घरांत असेल. कुणाचे आजोबा मूर्तिकार, कुणाचे सतार करणारे कारागीर, कुणी संस्थानच्या नोकरीत. आधी खिडकी उघडा, मग झाकण. वास घ्या, पण नाक खुपसून नको. पट्टीच्या कडेला बारीक अक्षरं असतात. तिथं ‘सेफ्टी’ लिहिलेलं आहे का बघा. ३५ मिलिमीटरची रुंद फिल्म असेल आणि तो शब्द नसेल, तर ती नायट्रेट समजा. पट्टीला हात न लावता डबा सावलीत, घरापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ पासून त्यांचं कामच हे आहे. कोडॅकच्या पट्टीवर कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणाही असतात. त्यावरून पट्टी कुठल्या साली बनली ते कळतं. मात्र त्या खुणा दर २० वर्षांनी फिरून तशाच येतात, म्हणून माणसांचे कपडे, मागची दुकानं, मोटारी यांच्याशी ताळा जुळवावा लागतो.

प्रोजेक्टरवर चढवू नका. कितीही मोह झाला तरी नको. गंजका, घट्ट झाकणाचा डबा बदला. हवा खेळती राहील अशा डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा. आमच्या गावात तर पहिल्या मजल्यावरच. आंबट वासाचा डबा बाकीच्यांपासून वेगळा करा. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर रीळ चालण्याची वाट न बघता आजच विचारून लिहून घ्या: यात कोण आहे, कुणी काढलं, कुठं. नाव नसलेल्या फिल्मची किंमत निम्म्यानं कमी होते.

रंगीत प्रिंट असेल तर ती बहुधा गुलाबी झालेली सापडेल. १९५० ते ७० च्या दशकांतल्या बऱ्याच रंगीत पट्ट्यांमधला निळसर रंग आधी उडतो आणि लाल मागं उरतो. चित्रसंग्रहाच्या फिल्मचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. आणि व्हिडिओ कॅसेटला तर आणखी घाई करा. टेपला बुरशी येते, वरचा थर चिकट होतो, आणि ती चालवायचा व्हीसीआरच आता मिळत नाही.

डिजिटल करणं म्हणजे पडद्यावर लावून मोबाइलनं शूट करणं नव्हे. आक्रसलेल्या फिल्मसाठी दात्यांशिवाय पट्टी सरकवणारे स्कॅनर असतात. ते एकेक फ्रेम स्वतंत्र टिपतात. चांगल्या प्रतीची, २-के म्हणतात ती एक फ्रेम साधारण १२ ते १३ एमबीची होते. म्हणजे मामांच्या ४००० फ्रेमना ५० जीबी लागले असते. एवढ्याशा पेन ड्राइव्हवर मावलं असतं. त्याच्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेवायच्या, आणि मूळ फिल्म तरीही टाकायची नाही. पुढचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असणार आहे. एकच प्रत असणं म्हणजे काय ते चित्रकार अकबर पदमसींच्या बाबतीत दिसलं. १९६९ च्या सुमारास त्यांनी केलेल्या एका प्रयोगशील फिल्मची एकुलती एक प्रिंट दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली आणि हरवली, कायमची.

हक्कांबद्दल दोन शब्द, कारण लोक विचारतात. आपल्या कायद्यात फिल्मवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही वेगवेगळे. फिल्म मोकळी झाली तरी तिच्यात दिसणारं चित्र अजून कुणाच्या तरी मालकीचं असू शकतं. घरातलं रीळ बघायला, जपायला यातलं काही आड येत नाही.

वहीतला फुटभराचा तुकडा मी गेल्या वर्षी स्कॅन करून घेतला. ४० फ्रेम, पावणेदोन सेकंदांहून जरा कमीच. मामा टेबलाशी बसलेत. ब्रश वाटीत बुडतो, कडेवर एकदा टेकतो, थेंब पडतो, आणि हात कागदाकडं निघतो तिथं तुकडा संपतो. ब्रश डाव्या हातात आहे. मामा शाळेत फळ्यावर उजव्या हातानं लिहायचे. डावखुरे होते हे त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हतं. फिल्म उलटी तर स्कॅन झाली नाही ना, अशी मलाच शंका आली. म्हणून एक फ्रेम मोठी करून पाहिली. मागं भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावरचे आकडे सुलटे दिसतात.